चाळीसच्या वळणावर

हेमांगी देशिंगकरची गाडी त्या सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावरून सेहेचाळीसच्या वेगाने गेली. पाटीवर चाळीस लिहिलं होतं. रस्ता मोकळा होता, ऊन स्वच्छ पडलं होतं आणि कडेने एक बाई चालली होती, एवढंच. कोणाला धक्का लागला नाही, कोणी दचकलंसुद्धा नाही. हेमांगी सांगलीला पोचली, एका पेशंटकडून खांद्याचे व्यायाम करून घेतले आणि बाहेर येऊन फोन बघितला, तर अनुभवदंडाचा निरोप आलेला होता. आठवड्याच्या आत केंद्रावर हजर व्हायचं होतं.

अनुभवदंड सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याआधी पैशाचा दंड असायचा. लोक तो भरायचे आणि पुन्हा तस्सेच गाडी हाकायचे, कारण पाच-सहा किलोमीटर जास्त म्हणजे गुन्हा आहे असं कोणाला मनापासून वाटतच नव्हतं. खरं तर मेख तिथेच होती. चाळीसच्या वेगाने येणारी गाडी ब्रेक दाबल्यावर जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे सेहेचाळीसने येणारी गाडी अजून पंचवीस-तीसच्या वेगाने पुढे घुसत असते. माणूस मरायला तेवढं पुरतं. हे गणित शाळेतल्या मुलालाही समजावता येतं. पण समजणं वेगळं आणि अंगात भिनणं वेगळं.

ते अंगात भिनवायची युक्ती मेंदूच्या अभ्यासकांना सापडली होती. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. आपण ती जेव्हा जेव्हा बाहेर काढतो, तेव्हा ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ पडते आणि मग पुन्हा वाळते. मऊ असताना तिच्यावर जो ठसा उमटेल, तो तिचाच होऊन जातो. केंद्रावर एक औषध देऊन हा मऊपणा लांबवत. गुन्हेगाराला तो प्रवास आठवायला सांगत. मग गाडीतल्या यंत्राने आणि रस्त्यावरच्या खांबाने टिपलेलं तेच दृश्य, एका टोपीतून, थोडं बदलून त्याच्या मेंदूत सोडत. बदल इतकाच, की कडेने चाललेलं माणूस दोन पावलं रस्त्यात उतरलेलं असे. पुढचं गणित यंत्र करी.

सुरुवातीला काल्पनिक माणसं घालून बघितली होती. पण मेंदू ती स्वप्नासारखी झटकून टाकायचा. म्हणून त्या वेळी रस्त्यावर खरोखर असलेलं माणूसच घेत. मात्र कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून चेहरा पुसून टाकायचा, असा कायदाच होता. लोकांनी या प्रकाराला सुटसुटीत नाव दिलं होतं. ‘त्याला आठवण लागली’ असं म्हणत. आणि गुण येत होता, हे कबूल करायलाच हवं. अपघात निम्म्याहून कमी झाले होते.

केंद्रातल्या मुलीने टोपी चढवली, दंडात सुई टोचली आणि गोड आवाजात त्या सकाळबद्दल विचारलं. हेमांगी सांगू लागली. टाकी दिसली, वळण आलं. ती बाई कडेवरून खाली उतरली. हेमांगीचा पाय ब्रेकवर गेला, सगळ्या ताकदीनिशी गेला, आणि तरी गाडी पुढे जातच राहिली. ओली चादर दगडावर आपटावी तसा आवाज झाला. मग सगळं शांत. ती गाडीतून उतरली, गुडघे टेकून बसली, त्या बाईचं डोकं तिने हातात घेतलं. चेहऱ्याच्या जागी वाफ धरलेल्या आरशासारखं काहीतरी होतं. डोकं हातात जड होत गेलं.

डोळे उघडले तेव्हा ती मुलगी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. हे घडलेलं नाही, तुम्ही कोणालाही मारलेलं नाही, असं ती नियमाप्रमाणे तीन वेळा म्हणाली. हेमांगीला ते पटलंही. फक्त तिच्या हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

पळसवाडे हे कृष्णेकाठचं तालुक्याचं गाव. तिथे हेमांगीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं आणि तिच्या नवऱ्याची, शिरीषची, गावाबाहेर रोपवाटिका. शिरीष सरळ, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, तिला जवळ घेतलं. चार दिवसांत विसरशील म्हणाला. चार दिवस गेले, महिना गेला. हेमांगी टाकीवरून जायचं टाळून साखर कारखान्याच्या रस्त्याने वळसा घालू लागली. जेवताना मधेच उठून हात धुऊ लागली. शिरीषच्या समजूतदारपणाला हळूहळू कंटाळ्याचा वास यायला लागला. जे झालंच नाही त्याचं सुतक किती दिवस पाळायचं, असं तो एकदा म्हणाला. त्यानंतर तिने त्याच्यापाशी तो विषय काढला नाही.

आणि मग एका दुपारी ती बाई क्लिनिकमध्ये आली.

व्हरांडा लांबलचक होता. येणाऱ्याच्या चालण्याकडे बघून दुखणं कुठे आहे ते ओळखायचं, ही हेमांगीची नेहमीची सवय. पावलागणिक डावी कंबर किंचित खाली जात होती आणि उजवा हात तोल सावरायला बाहेर झेपावत होता. हीच चाल हेमांगीने टाकीजवळच्या वळणावर बघितली होती. जे माणूस आपल्या हातात मेलं, ते व्हरांड्यातून आपल्याकडे चालत येत होतं. चेहरा मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. रुंद, सावळा, जाड काचांच्या चष्म्यातून नीट निरखणारा.

एस्तर वाघचौरे. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. टाकीच्या पलीकडे एकट्याच राहत. ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशा पेशंटांजवळ बसायला रोज सकाळी दवाखान्यात चालत जात. आता कंबर साथ देत नव्हती.

हेमांगीने त्यांना टेबलावर आडवं केलं. कमरेवर हात ठेवायचे होते. ते ठेववेनात. शेवटी ठेवले, तेव्हा त्या अंगाची ऊब तिला चटका बसल्यासारखी जाणवली.

एस्तरबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“तुम्हीपण का?” त्या म्हणाल्या. “तुम्हीपण मला मारलंय?”

हेमांगी खुर्चीत बसली आणि रडली. एस्तरबाई उठून बसल्या, साडी सारखी केली आणि तिचं रडणं थांबेपर्यंत, पेशंटच्या उशाशी बसावं तशा बसून राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. गेलं वर्षभर लोक विचित्र वागत होते. एक गृहस्थ त्यांना बघितलं की स्कूटरवरून उतरून खाली मान घालून उभे राहायचे. पिठाच्या गिरणीत एक अनोळखी बाई त्यांचे पाय धरून हुंदके देत बसली. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांना बघून गाडी बंदच करायचा आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत सुरू करायचा नाही. वळणावर कडेला कोणीतरी फुलं ठेवू लागलं होतं, कधी मेणबत्ती. त्यांना आधी वाटलं, बिचारं कोण गेलं असेल इथे. मग त्या स्कूटरवाल्यानेच एकदा धीर करून खरं काय ते सांगितलं.

उलगडा साधाच होता. त्या वळणावर आधी पन्नासची मर्यादा होती, ती चाळीस केली होती. उतार असल्यामुळे गाडी नकळत पुढे जायची. आणि सकाळच्या त्या वेळी त्या रस्त्यावर रोज चालणारं माणूस एकच होतं. यंत्र प्रत्येकाला तेच देत होतं.

पुढचे दोन महिने एस्तरबाई व्यायामाला येत राहिल्या. हेमांगी त्यांची वाट बघू लागली. त्या समोर असल्या की तिचे हात शांत असत. एस्तरबाईंनी वॉर्डात पुष्कळ मरणं बघितली होती. त्यांना स्वतःच्या मरणाची गंमत वाटत होती सुरुवातीला. आपण कुठल्या कुशीवर पडतो, पटकन जातो की वेळ लागतो, असं त्या विचारायच्या. वेळ लागत नाही, असं हेमांगीने सांगितल्यावर, बरं झालं, म्हणाल्या.

पण हळूहळू ती गंमत सरली. दवाखान्यातल्या नव्या मुली त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलू लागल्या, जशा मयताच्या घरी बोलतात. चर्चमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. लोक वाईट वागत नव्हते. फक्त त्यांच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने बसायचं, हे कोणालाच कळत नव्हतं. एका सकाळी व्यायाम अर्धवट सोडून त्यांनी हेमांगीपुढे हात केला.

“बघा बरं, गरम आहे ना?”

“गरम आहे, सिस्टर.”

“रोज त्या फुलांवर पाय पडू नये म्हणून जपून चालते मी,” त्या म्हणाल्या. “काल मधेच थांबले. मला कळेना, मी ओलांडून आले, की तिथेच पडलेय आणि ही कोणी दुसरीच पुढे आली.”

हेमांगीने त्यांना रस्ता बदला म्हणून विनवलं. दुसऱ्या रस्त्याला चढ होता आणि कंबर चढ घेत नव्हती. तिने खात्याकडे तक्रार केली. उत्तर नम्र होतं. दृश्यातला चेहरा पुसलेला असल्यामुळे त्याचा कोणाही व्यक्तीशी संबंध जोडता येत नाही, सबब तक्रारीला आधार नाही.

डिसेंबरात नदीवरून धुकं चढू लागलं. एका सकाळी ते इतकं दाट होतं, की क्लिनिकच्या दारातून समोरचं कुंपण दिसत नव्हतं. शिरीष पहाटेच कोल्हापूरला रोपं पोचवायला जुनी व्हॅन घेऊन निघून गेला होता. तो दुपारी परतला तो थेट मोरीत गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. हेमांगीने दारातून बघितलं. तिला ते हात धुणं ओळखीचं होतं.

त्याने सांगितलं की त्यालाही आठवण लागली. टाकीजवळच. निरोप चार दिवसांपूर्वीच आला होता, पण तिच्यापुढे बोलायची लाज वाटली. आज सकाळी केंद्रावर जाऊन आला. तिला इतके दिवस काय होत होतं ते आता कळलं, असं म्हणून त्याने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

हेमांगीला त्याची दया आली, आणि दयेच्या तळाशी थोडा आनंदही वाटला. ती आता एकटी नव्हती.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. एस्तर सिस्टर गेल्या. वळणापाशी उताराखाली, गवतात सापडल्या. धुकं विरल्यावर गुराख्याला दिसल्या, तोवर उशीर झाला होता. गाडीवाला थांबला नव्हता. खांबावरच्या कॅमेऱ्यात पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. नव्या गाड्यांतली नोंदयंत्रं तपासली, त्यांतल्या कोणत्याही गाडीला धक्का बसलेला नव्हता. म्हणजे गाडी जुनी होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात पहिला माणूस आला आणि म्हणाला, मी मारलं. तो स्कूटरवाला होता. त्याच्यामागे गिरणीतली बाई, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, एक बँकेतले साहेब, एक कॉलेजातली मुलगी. प्रत्येकाला आवाज आठवत होता, हातातलं वजन आठवत होतं. त्यांना माहीत होतं की ती केंद्रावरची आठवण आहे. पण आता बाई खरंच मेली होती, त्याच जागी, तशीच, आणि ज्या भिंतीने ते दोन्ही वेगळं ठेवलं होतं ती पडली होती.

हेमांगीही गेली. आवार माणसांनी भरलं होतं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. फौजदार पाटणे म्हणून एक थकलेले गृहस्थ होते, ते एकेकाला आत घेत, ऐकत, गाडी बघत आणि परत पाठवत. घटनास्थळी त्यांना दिव्याच्या फुटक्या काचेचे काही कपचे मिळाले होते. आलेल्यांपैकी कोणाचाही दिवा फुटलेला नव्हता. ते हेमांगीला म्हणाले, “ताई, घरी जा. तुम्हाला जे वाटतंय ते बाहेर बसलेल्या सगळ्यांना वाटतंय.”

घरी शिरीष चहा करत होता. त्याच्याशी बोलून मन हलकं करावं, म्हणून ती शेजारी उभी राहिली आणि त्याच्या आठवणीत काय काय होतं ते विचारलं. तो गॅसकडे बघत सांगू लागला. धुकं होतं. उतारावर गाडी थोडी पळाली, फार नाही. मग समोर ती.

“तिने चष्मा वर सरकवला,” तो म्हणाला, “आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोण आहे ते ओळखायला बघावं तसं.”

चहा उतू गेला. दोघांपैकी कोणीच गॅस बंद केला नाही.

“चेहरा दिसला तुला?” हेमांगीने विचारलं.

“दिसतोच की सगळ्यांना.”

“कोणालाच दिसत नाही, शिरीष.”

तो खाली बसला. नंतरचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. केंद्रावर तो गेलाच नव्हता. धुक्यात तो थांबला होता, उतरला होता, हाका मारल्या होत्या. उताराखालून उत्तर आलं नाही. मग तो गाडीत बसून पुढे निघून गेला. आणि वाटेत कुठेतरी त्याच्या मनात आलं, की हे तर हेमाला होतं तेच आहे. म्हणजे हे घडलेलं नाही. कोल्हापूरला पोचेपर्यंत त्याला ते जवळजवळ पटलं होतं.

तिने त्याला दुसऱ्या सकाळी ठाण्यात नेलं. ती बाहेर बाकावर बसली. तो आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला. त्याने सगळं सांगितलं होतं, निदान तो तसं म्हणाला. पाटण्यांनी पाणी दिलं, व्हॅनभोवती एक चक्कर मारली, पाठीवर हात ठेवला आणि परत पाठवलं. केंद्रावर कोण जाऊन आलं, ही नोंद कायद्याने गुप्त होती, पोलिसांनाही मिळत नव्हती. शिरीषच्या चेहऱ्यावर तिला दोन दिवसांनी रंग दिसला.

आपण तेव्हाच उठून आत जायला हवं होतं, हे हेमांगीला पुढे पुष्कळदा वाटलं. ती गेली नाही. हा माणूस वीस वर्षांचा सोबती होता, आणि तिच्या स्वतःच्या हातांनाही वाटत होतं की मारलं तिनेच. कोणाला बोट दाखवायचं?

आठवण लागलेल्या लोकांनी रविवारी एका मंगल कार्यालयात जमायला सुरुवात केली. एकेकाने उभं राहून आपली आठवण सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. शिरीष जाऊ लागला. दर रविवारी सांगू लागला. हेमांगी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायची आणि समोर काय चाललंय ते तिला नीट कळत होतं. तो आठवण बाहेर काढत होता, ती मऊ पडत होती, आणि वाळताना तिच्यावर भोवतालच्या लोकांचे ठसे उमटत होते. इथे औषध नव्हतं, टोपी नव्हती. फक्त सहानुभूती होती. आधी धुकं पातळ झालं. मग हाका मारणं गेलं. मग तो ओल्या चादरीसारख्या आवाजाबद्दल बोलू लागला. तो आवाज हेमांगीच्या आठवणीतला होता.

मार्चमध्ये त्याचा मावसभाऊ जेवायला आला होता. शिरीषने त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शिकवल्यासारखं. मावसभावाने विचारलं, बाई दिसते कशी? शिरीष म्हणाला, चेहरा पुसलेला असतो, कायदाच आहे तसा. मग त्याने आमटीची वाटी पुढे केली.

हेमांगीने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काही लपवलेलं नव्हतं. एस्तरबाईंनी शेवटचं ज्याच्याकडे बघितलं, तो माणूस त्या घरात आता राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर ती रोपवाटिकेतल्या शेडमध्ये गेली. फार शोधावं लागलं नाही. व्हॅनचा फुटलेला दिवा, नवा बसवताना काढलेला, कोकोपीटच्या पोत्यांमागे पडला होता, लपवल्यासारखाही नव्हता. तिने तो गोणपाटात गुंडाळला आणि पाटण्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी कपाटातून कपचे काढले. एक कपचा त्या दिव्याच्या भोकात असा बसला, जसा तो तिथून कधी निघालाच नव्हता. मग त्यांनी तिला विचारलं की तिला बसायचं आहे का. ती उभीच राहिली.

शिरीषने विरोध केला नाही. कोर्टात त्याने वकिलाचं ऐकून हात जोडले, शिक्षा ऐकली, न्यायाधीशांना नमस्कार केला. खोटं बोलतो आहे असं कोणालाच वाटलं नाही, आणि तो बोलतही नव्हता. तो निकाल त्याच्या लेखी एका लांबलेल्या अनुभवदंडासारखा होता.

हेमांगी महिन्यातून एकदा त्याला कळंब्याच्या तुरुंगात भेटायला जाते. मध्ये जाळी असते. तो तिथल्या बागेत काम करतो, अंगाने भरला आहे, झोप चांगली लागते म्हणतो. मागच्या भेटीत त्याने तिची तब्येत विचारली. ती बारीक झाली होती, बोटांची कातडी धुऊन धुऊन निघाली होती. तो ते बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू स्वतःला त्रास नको करून घेऊ, हेमा,” तो म्हणाला. “तुला खरंच तसं वाटलं म्हणून तू पोलिसांकडे गेलीस. माझ्या मनात काही नाही. मी तुला माफ केलंय.”

ती वेळ संपल्यावर उठली. बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं. ती गाडीत बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि हातांत ते डोकं पुन्हा जड होईपर्यंत तशीच बसून राहिली. एस्तरबाईंना मारल्याची आठवण आता दोघांपैकी फक्त तिच्यापाशी उरली होती.